आम्लवर्षा थांबली, मग जंगलाची माती अजून आजारी का?

'ॲसिड रेन' म्हणजेच आम्लवर्षा हा शब्द आता बातम्यांमध्ये फारसा दिसत नाही. १९८०च्या दशकात मात्र युरोप आणि उत्तर अमेरिकेत तो रोजच्या चर्चेतला विषय होता. मासे नाहीसे झालेले तलाव, वाळून उभे राहिलेले सूचिपर्णी वृक्ष, झिजलेले पुतळे यांचे फोटो तेव्हा सगळीकडे छापले जात. भारतात बहुतेकांनी हा शब्द पहिल्यांदा वाचला तो ताजमहालाच्या संगमरवराच्या संदर्भात.

पुढे कायदे झाले, कारखान्यांच्या धुरातलं गंधक कमी झालं आणि अमेरिका-युरोपात पावसाची आम्लता खरोखरच उतरली. पर्यावरणाच्या क्षेत्रातल्या मोठ्या यशांमध्ये याची गणना होते, आणि ती योग्यच आहे. पण या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पाऊस सुधारला, तरी जंगलाखालची माती लगेच सुधारली नाही. काही ठिकाणी तर पाऊस सुधारू लागल्यावरही ती बिघडतच राहिली. माती सावरू लागल्याच्या खुणा आता कुठे दिसू लागल्या आहेत.

असं का झालं? मातीतून नेमकं काय गेलं होतं, आणि ते परत यायला इतका वेळ का लागतो?

आम्लवर्षा म्हणजे काय?

माती परीक्षणाच्या अहवालात शेतकऱ्यांना 'सामू' नावाचा आकडा दिसतो. इंग्रजीत त्यालाच पीएच म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कधर्मी. हा आकडा फसवा असतो, कारण सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते.

अगदी स्वच्छ हवेतला पाऊसही थोडा आम्लच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबांत विरघळतो आणि पाण्याचा सामू सुमारे ५.६ होतो. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

कोळसा आणि खनिज तेल जाळल्यावर, तसंच धातू वितळवताना मात्र सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. गाड्या आणि भट्ट्यांमधून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात. हवेत यांचं रूपांतर गंधकाम्लात आणि नत्राम्लात, म्हणजे सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिडमध्ये होतं आणि पाऊस, बर्फ, धुकं किंवा कोरड्या कणांच्या रूपात ते जमिनीवर उतरतं.

मँचेस्टरच्या धुरकट हवेचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकातच हे ओळखलं होतं. १८७२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात 'ॲसिड रेन' हा शब्द आहे. पण तेव्हा हा प्रश्न औद्योगिक शहरांपुरता मानला गेला. २०व्या शतकात शहरांची हवा सुधारावी म्हणून उंचच उंच धुरांडी बांधली गेली. कॅनडातल्या सडबरीमध्ये १९७२ साली कार्यान्वित झालेलं धुरांडं ३८१ मीटर उंच होतं. शहरावरचा धूर कमी झाला, पण तो नाहीसा झाला नव्हता. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊन तो दुसऱ्याच राज्यातल्या, दुसऱ्याच देशातल्या जंगलांवर पडू लागला. स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओदेन यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं की स्कँडिनेव्हियातल्या पावसात ब्रिटन आणि मध्य युरोपातून आलेलं गंधक आहे.

हबर्ड ब्रूक: जंगलाचा जमाखर्च मांडणारी जागा

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिथे हबर्ड ब्रूक नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात १९५५ साली अमेरिकी वनसेवेने संशोधनासाठी जंगल राखून ठेवलं. जीन लाइकन्स, हर्बर्ट बोरमन, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पियर्स या चौघांनी १९६३ साली तिथे एक अभ्यास सुरू केला. तो आजही चालू आहे.

त्यांची कल्पना साधी होती. या खोऱ्यात छोटे छोटे पाणलोट आहेत. खाली अखंड खडक असल्यामुळे पाणी जमिनीत खोल झिरपून निघून जात नाही. पडलेल्या पाण्यापैकी जे झाडं वापरत नाहीत आणि ज्याची वाफ होत नाही, ते ओढ्यातूनच बाहेर पडतं. म्हणजे वरून पावसातून काय आलं ते मोजायचं, खाली बंधाऱ्यावर ओढ्यातून काय गेलं ते मोजायचं, आणि दोन्हींतल्या फरकावरून जंगलाच्या मातीत काय जमा झालं आणि काय कमी झालं ते काढायचं. दुकानदार वहीत जमाखर्च लिहितो, तसंच हे.

पावसाच्या सुरुवातीच्या नमुन्यांनीच धक्का दिला. सामू ४च्या आसपास होता. म्हणजे स्वच्छ पावसापेक्षा आम्लता कितीतरी पटींनी जास्त, आणि तीही कारखान्यांपासून दूर असलेल्या डोंगरात. लाइकन्स, बोरमन आणि जॉन्सन यांनी १९७२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तर अमेरिकेत आम्लवर्षेचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत यायला या कामाची मोठी मदत झाली.

आम्ल मातीत शिरल्यावर काय होतं?

आम्लवर्षेने झाडाची पानं जळतात, असं चित्र अनेकांच्या मनात असतं. खरं मोठं नुकसान जमिनीखाली होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मातीतल्या चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखे धन भार असलेले घटक त्यांना चिकटून राहतात. ही झाडांची शिल्लक. मुळं लागेल तसं त्यातून उचलतात. खडकाची अतिशय संथ झीज होऊन त्यात नवी भर पडते, आणि गळलेली पानं कुजली की त्यांच्यातलं कॅल्शियम पुन्हा मातीत येतं.

आम्ल म्हणजे हायड्रोजनचे धन भार असलेले कण. ते मातीत आले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला कणांवरून हुसकावतात आणि त्यांची जागा घेतात. एवढ्यावर थांबलं असतं तर सुटं झालेलं कॅल्शियम तिथेच कुठेतरी राहिलं असतं. पण आम्लाबरोबर सल्फेटही आलेलं असतं. सल्फेट ऋण भाराचं. पाण्याबरोबर वाहून जाताना ते एकटं जात नाही, धन भाराचा कोणीतरी सोबती घेऊनच जातं. हा सोबती म्हणजे सुटं झालेलं कॅल्शियम. अशा रीतीने दर पावसाबरोबर थोडी थोडी शिल्लक ओढ्यात वाहून जाते.

सुरुवातीला यात धोका जाणवत नाही. उलट माती आम्ल शोषून घेते आहे, ओढ्याचं पाणी ठीक आहे, असंच दिसतं. कारण जोवर शिल्लक आहे तोवर माती आम्लाचा भार सोसते. ती आटत आली की दुसरी गोष्ट सुरू होते. खनिजांमध्ये बंदिस्त असलेलं ॲल्युमिनियम आम्लामुळे विरघळून सुटं होतं. जमिनीत ॲल्युमिनियम भरपूर असतं, पण एरवी ते निरुपद्रवी रूपात असतं. विरघळलेलं ॲल्युमिनियम मात्र मुळांना विषारी ठरतं आणि कॅल्शियम शोषण्याच्या आड येतं. ओढ्यात उतरल्यावर ते माशांच्या कल्ल्यांवर बसतं. तलावांमधले मासे मेले त्यामागे केवळ आम्ल नव्हतं, जंगलाच्या मातीतून आलेलं हे ॲल्युमिनियमही होतं.

सगळ्याच जागी सारखं नुकसान झालं नाही. जिथे खाली चुनखडक आहे तिथे आम्लाला उतारा आयताच मिळतो. हिमयुगातल्या बर्फाने घासून काढलेल्या, ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकावरच्या पातळ मातीत तो नसतो. न्यू हॅम्पशायर, ॲडिरॉन्डॅक पर्वत, पूर्व कॅनडा, नॉर्वे आणि दक्षिण स्वीडन हे सगळे भाग या दुसऱ्या प्रकारातले. फटका तिथेच सर्वाधिक बसला.

धूर कमी कसा झाला?

१९७९ साली जिनिव्हात युरोपीय देश, अमेरिका आणि कॅनडा यांनी सीमापार जाणाऱ्या हवाप्रदूषणाविषयी करार केला. १९८५च्या हेलसिंकी प्रोटोकॉलमध्ये सही करणाऱ्या देशांनी गंधकाचं उत्सर्जन किमान ३० टक्क्यांनी घटवायचं कबूल केलं. पुढच्या करारांनी ही अट आणखी कडक केली.

अमेरिकेत १९७०च्या 'क्लीन एअर ॲक्ट'ने सुरुवात केली होती. मोठा बदल १९९०च्या दुरुस्तीने झाला. वीज प्रकल्पांच्या एकूण सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालण्यात आली आणि त्या मर्यादेत परवान्यांची खरेदी-विक्री करण्याची मुभा दिली गेली. ज्याला स्वस्तात धूर कमी करता येईल त्याने तो जास्त कमी करावा आणि उरलेले परवाने विकावेत, असा हिशेब होता. १९९५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कुणी कमी गंधकाचा कोळसा वापरला, कुणी धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवली. पुढे नैसर्गिक वायूवर चालणारे प्रकल्प वाढले. १९९० मध्ये अमेरिकेच्या वीज प्रकल्पांमधून वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. २०२० पर्यंत तो १० लाख टनांच्या खाली आला.

हबर्ड ब्रूकच्या पावसातही हे दिसलं. सल्फेट उतरत गेलं आणि सामू हळूहळू वर चढला.

मग ओढे आणि झाडं का सावरली नाहीत?

आम्ल कमी झालं की माती आणि ओढे त्याच वेगाने पूर्ववत होतील, अशी अपेक्षा होती. लाइकन्स, चार्ल्स ड्रिस्कॉल आणि डोनाल्ड बुसो यांनी १९९६ साली 'सायन्स' या नियतकालिकात हबर्ड ब्रूकचा तीन दशकांचा जमाखर्च मांडला, तेव्हा ही अपेक्षा चुकीची असल्याचं स्पष्ट झालं. ओढ्याच्या पाण्याची सुधारणा पावसाच्या मानाने फारच कमी होती. कारण मातीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोठ्या प्रमाणात आधीच निघून गेलं होतं. जंगलाची वाढही १९८०च्या दशकात मंदावून जवळजवळ थांबली होती.

या संथपणामागे तीन कारणं होती.

पहिलं, भरपाईचा वेग. काही दशकांत वाहून गेलेलं कॅल्शियम भरून काढायचं काम खडकाच्या झिजेवर सोपवलेलं आहे. ग्रॅनाइटसारखे खडक अतिशय सावकाश झिजतात. खर्च बादलीने झाला, जमा मात्र थेंबाथेंबाने होते.

दुसरं, मातीत साठलेलं गंधक. इतकी वर्षं पडलेलं सगळं सल्फेट लगेच वाहून गेलं नव्हतं. त्यातलं काही मातीत अडकून राहिलं होतं. पाऊस स्वच्छ झाल्यावर ते हळूहळू सुटू लागलं आणि जाताना पुन्हा कॅल्शियमला सोबत नेऊ लागलं. वरून भर पडायची थांबली, तरी जुन्या गंधकाचा खर्च चालूच राहिला.

तिसरं कारण कुणाच्या सहजासहजी लक्षात येण्यासारखं नव्हतं. धुराबरोबर आणि धुळीबरोबर हवेत कॅल्शियमयुक्त कणही असतात. ते पावसातल्या आम्लाचा काही भाग मारतात आणि मातीला थोडं कॅल्शियम पुरवतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेत याच काळात हवेतले असे कणही घटले. फुप्फुसांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट होती, पण मातीला मिळणारी छोटी मदतही त्यासोबत आटली.

कॅल्शियम गेलं की जंगलात काय बदलतं?

याचा सर्वांत ठळक बळी म्हणजे रेड स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष. १९६० ते १९८०च्या दशकांत व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या उंच डोंगरांवर ही झाडं मोठ्या संख्येने मेली. संशोधनातून दिसलं की पानांच्या पेशींच्या आवरणाला बळकटी देणारं कॅल्शियम आम्ल धुक्याने आणि पावसाने निघून जात होतं. त्यामुळे झाडाची थंडी सोसण्याची ताकद कमी होत होती. ज्या थंडीत हे झाड हजारो वर्षं टिकलं, तीच थंडी त्याच्या पानांना जाळू लागली.

दुसरं झाड शुगर मेपल. मेपल सिरप याच झाडाच्या गोड रसापासून बनतं, त्यामुळे क्युबेक आणि व्हरमाँटमध्ये त्याच्यावर अनेकांची रोजीरोटी अवलंबून आहे. या झाडाला कॅल्शियम जास्त लागतं. १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या पठारावर आणि क्युबेकमध्ये मेपलचे शेंडे वाळू लागले. किडी आणि दुष्काळ यांचाही त्यात हात होता. पण ज्या जमिनीत कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी होतं तिथली झाडं या संकटांतून उठू शकली नाहीत.

परिणाम झाडांपुरते थांबले नाहीत. नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं पातळ आणि कमकुवत होऊ लागली होती. संशोधकांनी माग काढला तेव्हा कारण मातीत सापडलं. आम्ल मातीत कॅल्शियम कमी, म्हणून शंख असलेल्या गोगलगायी कमी. अंडी घालण्याच्या दिवसांत मादीला कॅल्शियम मिळायचं ते या शंखांतून. वीज प्रकल्पाच्या धुराचा परिणाम अशा साखळीतून घरट्यातल्या अंड्यापर्यंत पोहोचला होता.

हेलिकॉप्टरमधून टाकलेलं कॅल्शियम

कॅल्शियमची कमतरता हेच खरं कारण असेल, तर ते परत दिल्यावर जंगल सुधारायला हवं. हे तपासण्यासाठी ऑक्टोबर १९९९ मध्ये हबर्ड ब्रूकच्या एका पाणलोटात मोठा प्रयोग झाला. सुमारे १२ हेक्टर जंगलावर हेलिकॉप्टरमधून वोलास्टोनाइट या खनिजाच्या गोळ्या पसरवण्यात आल्या. वोलास्टोनाइट म्हणजे कॅल्शियम सिलिकेट. शेतात टाकतात त्या चुन्यापेक्षा ते सावकाश विरघळतं आणि खडकाच्या नैसर्गिक झिजेशी त्याचं साम्य आहे. आम्लवर्षेमुळे जेवढं कॅल्शियम गेलं असावं असा अंदाज होता, साधारण तेवढंच परत देण्यात आलं. या खनिजात कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम यांचं प्रमाण वेगळं असल्यामुळे टाकलेलं कॅल्शियम कुठवर पोहोचलं याचा मागही घेता येत होता.

झाडांनी उत्तर दिलं. शुगर मेपलचे शेंडे सुधारले, त्यांची रोपं जास्त टिकू लागली. २००३च्या कडक हिवाळ्यात या पाणलोटातल्या रेड स्प्रूसचं नुकसान शेजारच्या जंगलापेक्षा बरंच कमी झालं. गोगलगायी वाढल्या. १५ वर्षांच्या नोंदींवरून दिसलं की कॅल्शियम दिलेल्या जंगलात शेजारच्या जंगलापेक्षा २१ टक्के जास्त लाकूड आणि ११ टक्के जास्त पानं तयार झाली होती. मातीतल्या कॅल्शियमची घट हेच जंगलाच्या ऱ्हासाचं मोठं कारण होतं, याला यातून भक्कम पुरावा मिळाला.

मात्र काही अनपेक्षित गोष्टीही घडल्या. सुरुवातीच्या तीन वर्षांत जोमाने वाढणाऱ्या झाडांनी इतकं पाणी ओढलं की ओढ्याचं पाणी कमी झालं. पालापाचोळ्याच्या थरात कुजण्याची क्रिया वेगवान झाली आणि तिथे साठलेला कार्बन घटला. साधारण दहा वर्षांनंतर या पाणलोटातून नत्र वाहून जाण्याचं प्रमाण शेजारच्या पाणलोटाच्या कितीतरी पट झालं. आम्ल मातीत सूक्ष्मजीव सुस्तावलेले होते, कॅल्शियम मिळाल्यावर ते कामाला लागले आणि वर्षानुवर्षं साठलेलं नत्र मोकळं झालं.

चुना टाकून प्रश्न सुटेल?

हा उपाय काही देशांनी खरोखर केला आहे. जर्मनीत १९८०च्या दशकापासून मोठ्या वनक्षेत्रांवर हेलिकॉप्टरमधून चुनखडीची भुकटी टाकली जाते. स्वीडनमध्ये तलाव आणि नद्यांमध्ये चुना टाकण्याचा सरकारी कार्यक्रम कित्येक दशकं चालला आहे. त्यामुळे अनेक तलावांत मासे टिकले.

पण चुना हा उपाय काही जागांपुरताच शक्य आहे. डोंगराळ जंगलात तो टाकायला खर्च फार येतो. तो वरच्या थरात राहतो, खालच्या थरापर्यंत पोहोचायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय हबर्ड ब्रूकच्या नत्रासारखे दुष्परिणाम होऊ शकतात. आणि मूळचीच आम्ल असलेली काही जंगलं असतात. तिथल्या शेवाळांना आणि वनस्पतींना तीच माती मानवते. तिथे चुना टाकला तर सुधारण्याऐवजी वेगळंच काहीतरी घडतं.

आता माती खरोखर सावरते आहे का?

हो, पण वरून खाली आणि हळूहळू.

अमेरिकेचा ईशान्य भाग आणि पूर्व कॅनडा इथल्या २७ ठिकाणच्या वनमातीचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी पूर्वी जिथून मातीचे नमुने घेतले होते, तिथेच ८ ते २४ वर्षांनी पुन्हा नमुने घेतले. कुजलेल्या पालापाचोळ्याच्या वरच्या थरात विषारी ॲल्युमिनियम कमी झालं होतं आणि बऱ्याच ठिकाणी सामू वाढला होता. मातीचं बिघडणं उलट दिशेने फिरू लागल्याचा हा महत्त्वाचा पुरावा होता. पण त्याखालच्या खनिज मातीच्या थरात चित्र तितकं चांगलं नव्हतं. तिथे कॅल्शियमची शिल्लक भरून आल्याचं सर्वसाधारणपणे दिसलं नाही.

वरचा थर आधी सुधारण्याचं कारण झाडांतच आहे. मुळं खोलवरून कॅल्शियम वर ओढतात, ते पानांत जातं आणि पानगळीबरोबर जमिनीच्या पृष्ठभागावर येतं. म्हणजे झाड खालच्या थरातून काढून वरच्या थरात जमा करतं. रोपांची मुळं वरच्या थरात असतात, त्यामुळे नव्या पिढीला याचा फायदा आधी मिळतो. खालचा थर मात्र खडकाच्या झिजेची वाट बघत राहतो. ही वाट काही दशकांची असू शकते आणि सर्वांत पातळ, कॅल्शियम-गरीब मातीत त्याहूनही लांब.

जंगलात याच्या खुणा दिसतात. रेड स्प्रूसची वाढ ईशान्य अमेरिकेत अलीकडच्या काळात पुन्हा जोर धरू लागली आहे. आम्लवर्षेतली घट आणि पूर्वीपेक्षा सौम्य हिवाळे, या दोन्हींचा त्यात वाटा आहे. जर्मनी, पोलंड आणि तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया यांच्या सीमेवर लिग्नाइट जाळणाऱ्या प्रकल्पांमुळे डोंगरच्या डोंगर उघडे पडले होते. या भागाला 'ब्लॅक ट्रँगल' म्हणजे काळा त्रिकोण म्हणत. तिथे आज पुन्हा जंगल उभं आहे. झाडं हिरवी दिसतात, पण त्यांच्या खालची माती अजूनही बऱ्याच ठिकाणी आम्लच आहे.

एक खूण तर पहिल्या नजरेला वाईटच वाटते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतले अनेक तलाव आणि ओढे चहासारखे तपकिरी होत चालले आहेत. आम्ल मातीत सेंद्रिय पदार्थ घट्ट धरून ठेवले जातात. आम्लता उतरली की ते पुन्हा पाण्यात विरघळू लागतात आणि पाण्याला रंग येतो. आम्लवर्षेच्या काळातले काही तलाव काचेसारखे नितळ दिसत, पण तो नितळपणा आजाराचा होता. तपकिरी होणं हे बऱ्याच अंशी पूर्वस्थितीकडे परतणं आहे. फक्त ते पाणी पिण्यासाठी शुद्ध करायचा खर्च वाढतो.

भारताचा याच्याशी काय संबंध?

भारतात युरोपासारखी आम्लवर्षा मोठ्या प्रमाणावर दिसली नाही, याचं एक कारण धूळ आहे. इथल्या कोरड्या जमिनीतून उडणाऱ्या धुळीत कॅल्शियम असतं आणि ते पावसातलं आम्ल मारतं. पण हे संरक्षण सगळीकडे आणि कायमचं नाही. भारतीय हवामान विभाग पुणे आणि नागपूरसह देशातल्या काही केंद्रांवर अनेक दशकांपासून पावसाचा सामू मोजतो. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी तो घसरत आल्याचं या नोंदी सांगतात.

मातीचा फरक इथेही महत्त्वाचा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हाताला लागतात. अशी माती बरंच आम्ल पचवू शकते. कोकण आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची तांबडी माती मात्र मुसळधार पावसाने आधीच धुऊन निघालेली आणि मूळचीच आम्ल आहे. तिच्याकडे कॅल्शियमची शिल्लक कमी आहे.

दुसरीकडे, सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनात भारत आज जगात आघाडीवर आहे आणि त्यातला मोठा वाटा कोळशावरच्या वीज प्रकल्पांचा आहे. या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ठरवून दिल्या. त्या पाळण्यासाठी धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवणं गरजेचं होतं. मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त प्रकल्पांना या यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतं आणि यंत्रणा महाग आहे, हा यामागचा युक्तिवाद. पर्यावरण अभ्यासकांचा आक्षेप असा की कोळशात गंधक कमी असलं तरी जळणारा कोळसा प्रचंड आहे, आणि या वायूपासून आरोग्याला घातक सूक्ष्म कणही तयार होतात.

सहा दशकांच्या नोंदी काय सांगतात?

हबर्ड ब्रूकमधून मिळणारा पहिला धडा दिलासा देणारा आहे. कायदा, तंत्रज्ञान आणि देशांमधला समजूतदारपणा यांनी पाऊस बदलता येतो, आणि तो एका पिढीच्या आत बदलला.

दुसरा धडा वेळेचा आहे. प्रदूषण थांबवणं आणि नुकसान भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संसदेत ठरते, दुसरी खडकाच्या झिजेच्या वेगाने होते. माती आम्ल शोषत असते तोवर सगळं ठीक दिसतं, आणि झाडं वाळू लागतात तेव्हा शिल्लक संपत आलेली असते. त्यामुळे धूर जितका लवकर कमी होईल, तितकं नंतर भरून काढायचं काम कमी.

तिसरा धडा मोजण्याचा. १९६३ साली पावसाचे आणि ओढ्याचे नमुने बाटलीत भरायला सुरुवात झाली नसती, तर मातीतून काय गेलं हे कुणाला कळलंच नसतं. ती माती आता किती परत सावरते आहे, हेही त्याच नोंदींवरून कळतं आहे. म्हणूनच पाऊस सुधारल्यावरही हबर्ड ब्रूकच्या बंधाऱ्यांवरची मोजणी थांबवलेली नाही.